काटेसाहेबांचा जमादार

काटेसाहेबांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! हे आम्ही म्हणत नाही, काटेसाहेब स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

वजनमापे खात्यात त्यांनी उभी हयात घालवली. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, आत पाऊल न टाकता, तराजूच्या कुठल्या पारड्याखाली मेण चिकटवलंय हे ते सांगत. वजनाच्या बुडाचं शिशाचं सील खरं की खोटं, हे नुसत्या नजरेनं ओळखत. म्हणून त्यांना काटेसाहेब हे नाव पडलं, ते इतकं घट्ट की खरं आडनाव गल्लीत कुणाला आठवेना. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा साहेब घर तपासू लागले. खुर्ची इंचभर सरकली, पडदा बदलला, चहा दुसऱ्या कपातून आला, की लगेच, "हे कुणी केलं?" घरात माणसं दोन! केलं कुणी हे उघडच होतं, पण चौकशी झाल्याशिवाय साहेबांना चहा गोड लागत नसे.

आता तेही सुख उरलं नव्हतं. बायकोला जाऊन दोन वर्षं होत आली होती. खुर्ची ठेवाल तिथे राहत होती. पडदे तेच होते. साहेब सकाळी उठून घरभर नजर फिरवत आणि काहीच बदललेलं नाही हे पाहून गुपचूप खुर्चीत जाऊन बसत.

तिच्यामागे राहिल्या त्या तिच्या कोंबड्या. परसात पत्र्याचं खुराडं, त्यात तिनं पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या बदामी, ठिपकेदार कोंबड्या. दवाखान्यातल्या खाटेवरून ती शेवटचं म्हणाली होती, "कोंबड्यांकडे बघा हं. नुसतं बघू नका, लक्ष द्या." साहेबांना जरा रागच आला होता. आयुष्यभर दुसरं केलं काय त्यांनी?

लक्ष द्यायला ते तयार होते, पण कोंबड्या त्यांना भीक घालत नव्हत्या. साहेबांनी हाक मारली की त्या पांगायच्या. एके दिवशी थंडी वाजली म्हणून साहेबांनी खुंटीवरचा बायकोचा मेंदी रंगाचा स्वेटर चढवला, फुलाफुलांच्या बटणांचा, आणि काय आश्चर्य! सगळ्या पायाशी गोळा! तेव्हापासून दाणे घालायचे ते स्वेटर घालूनच. तो त्यांना पोटावर आखूड आणि हातांना अर्धा पडे. पण उपाय काय!

साहेबांशी आपणहून वागणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे जमादार. तांबडा, काळ्या शेपटीचा, रुबाबदार कोंबडा. नाव साहेबांनीच ठेवलेलं. सकाळी दोघं मिळून परसाला एक फेरी घालत, पुढे जमादार, मागे साहेब. "बारा वर्षं झाली याला!" साहेब अभिमानानं सांगत. "शिस्तीत ठेवला की कोंबडा असा टिकतो!"

अशात अंडी फुटेनाशी झाली. थोरली कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली अंडी ठेवली, ती इमानदारीनं उबवत राहिली आणि शेवटी सगळी कुजली. पुन्हा बसवली. या खेपेला दोन पिलं निघाली, पायाची बोटं वाकडी, मान टाकलेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनीच त्यांना लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. मग उठून त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांना बारमाही सर्दी. नाकाला रुमाल लावूनच ते खुराड्यात वाकले.

"कोंबडा केवढा आहे?"

"बारा!"

"बारा महिन्यांचा?"

"वर्षांचा!"

डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. "अहो, हा फार तर चारेक वर्षांचा असेल. टाचेवरचं नख बघा ना."

"तुमच्या पुस्तकात नसेल! माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय!"

डॉक्टरांचं लक्ष स्वेटरच्या फुलाफुलांच्या बटणांकडे गेलं, आणि दुःखी माणसाशी बोलावं तशा हलक्या आवाजात ते बोलू लागले. "बरं, बारा. पण काय आहे, या चारही तरण्या कोंबड्या याच्याच मुली. आता अंडीही याचीच. सगळं रक्त घरातल्या घरात फिरतंय. आधी अंडी फुटत नाहीत, मग पिलं अधू निघतात, मग तीही निघत नाहीत. याला बाजूला ठेवा आणि परका कोंबडा आणा. तीनेक आठवडे जाऊ द्या, मगच अंडी बसवा. आणि हो, याचा नातेवाईक नको!"

"पण ही होती तेव्हा दर वर्षी पिलं निघायची! हाच कोंबडा होता!"

"मग त्यांच्या हाताला गुण असेल," डॉक्टर म्हणाले आणि शिंकले. "पण वेळ लावू नका. म्हाताऱ्या कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलंय. या चारच राहिल्यात. यांच्या पोटी धड पिलं निघाली नाहीत तर हा वाण संपला."

संपला! तिच्या हाताखालची, तिच्या हाकेला धावणारी शेवटची पिढी, आणि ती आपल्या देखरेखीत संपणार! साहेब ताठ झाले. "परका कोंबडा ना? आणतो! माझ्या नजरेनं निवडलेला आणतो!"

जमादाराची रवानगी न्हाणीघरात झाली. तिथे आवाज घुमतो हे लक्षात आल्यावर त्यानं दिवसभर आरवायला सुरुवात केली.

आता गल्लीत कोंबड्या पाळणारी घरं आणखी दोन. एक टेलरबाईंचं आणि एक वळणावरच्या नर्सबाईंचं. पैकी टेलरबाईंचं नाव काढायची सोय नव्हती. बायको गेली त्याच्या पुढच्याच महिन्यातली गोष्ट. दुपारी साहेब झोपेतून उठून मागच्या दारी आले, तर टेलरबाई खुराड्यात वाकलेल्या आणि त्यांच्या हातात जमादार, उलटा! फाटकाशी एक पिशवी, तीही आतून हलतेय!

"चोर! चोर!" साहेब ओरडले.

"अहो, असं काय करता? आमचं ठरलेलं असतं, बाईंचं नि माझं..."

"गेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नका!" साहेबांनी पिशवीत डोकावलं. आत दुसरा तांबडा कोंबडा. "आणि हा कुणाचा चोरलात?"

"माझाच आहे!"

"स्वतःचा कोंबडा पिशवीत घालून कोण हिंडतं?"

या प्रश्नाला गल्लीतल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि तोवर गल्ली सगळी जमली होती. टेलरबाई डोळ्याला पदर लावून निघून गेल्या. साहेबांनी फाटकाला कुलूप घातलं. इतकंच नाही, टेलरबाईंकडे उंची कमी करायला टाकलेली पँटही तशीच परत मागवली. तिचा एक पाय आखूड करून झाला होता, एक व्हायचा होता. दुसऱ्या शिंप्याकडे जाणं म्हणजे माघार घेणं! साहेब दोन वर्षं ती तशीच वापरत होते.

टेलरबाई नकोत, नर्सबाईंकडे मागायची छाती नाही, तेव्हा साहेब सरळ बाजारात गेले. कोंबडीवाल्याच्या सगळ्या खुराड्यांवरून त्यांनी आपली ती प्रसिद्ध नजर फिरवली आणि एका उंच, काळ्या, लांब मानेच्या कोंबड्यावर बोट ठेवलं.

"साहेब, हा जातिवंत आहे," कोंबडीवाला म्हणाला. "पण कुणाचं ऐकत नाही बरं का."

साहेबांना वाटलं, कौतुक करतोय!

काळ्यानं टोपलीतून बाहेर पाऊल टाकलं आणि परसाचा ताबा घेतला. कोंबड्यांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. त्याचं वैर होतं ते पायांशी. कुणाचेही पाय! साहेब पोटऱ्या धरून स्वयंपाकघरात पळाले. कोंबड्या खुराड्याच्या छपरावर चढल्या, त्या उतरेचनात. वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचायचं तर डाव्या हातात पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरून जावं लागे. मीटर बघायला आलेला माणूस मीटर न बघताच गेला. न्हाणीघरातून जमादार आव्हान देई, परसातून काळा उत्तर देई, आणि मधल्या खोलीत काटेसाहेब कानात बोळे घालून बसत. शेवटी कोंबडीवाल्यालाच येऊन त्याला न्यावं लागलं. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. वर हसला!

साहेब पार खचले. तीन दिवस ते धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी वळणावरून जाताना नर्सबाईंच्या कुंपणापलीकडे त्यांना तो दिसला.

तांबडा! काळ्या शेपटीचा! अगदी जमादाराच्या तोडीचा, पण परका! साहेब भिंतीशी खिळून उभे राहिले. मागावं कसं? नर्सबाई एकट्या राहणाऱ्या, निवृत्त, स्पष्टवक्त्या. सगळी गल्ली त्यांना टरकून असायची, इंजेक्शनाच्या जुन्या आठवणींमुळे. तेव्हा साहेब दुसऱ्या दिवशी नुसतेच आले आणि भिंतीवरून आत बघत उभे राहिले. तिसऱ्या दिवशीही आले. अंगात फुलाफुलांचा स्वेटर, पँटचा एक पाय वर, एक खाली.

गल्ली काही आंधळी नव्हती. आठवड्याच्या आत मुलीचा फोन आला.

"बाबा, मी हे काय ऐकतेय?"

"काय ऐकतेयस?"

"नर्सबाईंबद्दल. बाबा, माझी काही हरकत नाही. पण भिंतीवरून बघत काय राहता? आणि आईच्या स्वेटरमध्ये?"

"अगं, मी कोंबडा बघतोय!"

मग मुलगी डॉक्टरांसारख्याच हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवता ना नीट?"

त्याच दुपारी नर्सबाई फाटक उघडून बाहेर आल्या. हातात केरसुणी. "काटेसाहेब, जे काय असेल ते तोंडानं बोला!"

"मला... मला तो हवाय."

"तो?" नर्सबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, हे काही साहेबांच्या नजरेला कळलं नाही. "तुम्ही त्याला ओळखलं नाहीत?"

"कुणाला?"

"अहो, जमादार आहे तो!"

"जमादार माझ्या न्हाणीघरात आहे!"

"तो नंतरचा. हा त्याच्या आधीचा."

साहेब तिथेच पायरीवर बसले. नर्सबाईंनी केरसुणी बाजूला ठेवली आणि मग सगळं बाहेर आलं. साहेबांच्या घरच्या बाई, टेलरबाई आणि नर्सबाई या तिघींचं कित्येक वर्षांचं ठरलेलं होतं. कोंबड्या ज्या घरच्या त्या घरी राहायच्या. कोंबडे मात्र वर्षातून एकदा एक घर पुढे सरकायचे. टेलरबाईंकडचा बाईंकडे, बाईंकडचा नर्सबाईंकडे, नर्सबाईंकडचा टेलरबाईंकडे. एखादा म्हातारा झाला की त्याच्या जागी तरणा. त्यामुळे बापाची गाठ मुलींशी कधी पडायचीच नाही, आणि पिलं कशी टणटणीत निघायची!

"म्हणजे दर वर्षी..."

"दर वर्षी जमादार नवा! तुम्ही दुपारी झोपलात की आम्ही बदलायचो."

"आणि मला..."

"बाई म्हणायच्या, ह्यांना बदल खपत नाही. पडदा बदलला तर चौकशी बसते, कोंबडा बदलला तर काय होईल! म्हणून तांबडाच द्या, काळ्या शेपटीचा द्या. तुमच्यापायी आम्ही तिघींनी कधी पांढरा कोंबडा ठेवला नाही, काटेसाहेब! मला पांढरे फार आवडतात!"

साहेबांना एकदम आठवलं. एका वर्षी जमादाराच्या शेपटीत पांढरं पीस दिसलं होतं. "अगं, हे कधी आलं?" त्यांनी विचारलं होतं. "वय झालं आता त्याचं," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती. "माझेही पिकलेच की," असं म्हणून साहेबांनी आपल्या केसांवरून हात फिरवला होता. आणि ती उठून घाईघाईनं आत गेली होती. हसायला गेली होती!

साहेबांना लाज वाटली. राग आला. आणि तिची इतकी आठवण आली की पायरीवरून उठवेना.

"हाच द्या मला," ते शेवटी पुटपुटले.

"हा कसा चालेल? तुमच्या कोंबड्यांच्या आयांचा बाप हा! तुमच्याकडे यायचा तो टेलरबाईंकडचा. तोच घेऊन त्या आल्या होत्या, तर तुम्ही चोर म्हणालात. तुमच्या कुलपानं आम्हा तिघींचं गाडं अडलंय. माझीही अंडी कुजताहेत." नर्सबाईंनी केरसुणी पुन्हा उचलली. "जा. पाया पडा त्यांच्या."

साहेबांनी जमादाराला टोपलीत घातलं आणि गल्ली ओलांडली. इतकी अवघड तपासणी त्यांच्या नोकरीत कधी झाली नव्हती.

टेलरबाईंची खोली म्हणजे एक मशीन आणि चहूकडे कापडाचे ढीग. त्या मान खाली घालून शिवत होत्या. साहेब आत आले तरी मशीन थांबेना.

"मी चुकलो," साहेब म्हणाले.

खडखड चालूच. "काय?"

"मी चुकलो!"

"ऐकू येत नाही!"

"मी चुकलो!!!" साहेब बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि नेमकं त्याच क्षणी टेलरबाईंनी मशीन थांबवलं. आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचला. समोरच्या घरातली खिडकी उघडली.

"आत्ता ऐकू आलं," टेलरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र हलला नाही. "चोर म्हणालात मला. भर गल्लीत! बाई गेल्याचं दुःख मला नव्हतं होय? त्या गेल्या तरी त्यांचं काम अडू नये म्हणून आले होते मी."

साहेबांनी मान खाली घातली. खाली बघितलं तर पँटचे दोन वेगळे पाय दिसत होते.

टेलरबाई उठल्या. मागून आपला कोंबडा घेऊन आल्या, साहेबांच्या टोपलीतून जमादाराला काढलं, दोघांना घेऊन पडद्याआड गेल्या आणि परत येऊन दोघांना शेजारी शेजारी जमिनीवर ठेवलं. दोघेही तांबडे. दोघेही काळ्या शेपटीचे.

"तुमचा कुठला ते ओळखा. दोन वर्षं रोज बघताय ना? ओळखलात तर माझा घेऊन जा."

साहेबांच्या जिवात जीव आला. तपासणी! ही तर त्यांची विद्या! ते उकिडवे बसले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं. एकानं मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि साहेबांना भरून आलं. त्यांनी त्याला उचलून छातीशी धरलं. "हा! हीच ती मान! हीच ती ऐट! जमादारा, तुला मी हजारांत ओळखेन रे!"

"तो माझा," टेलरबाई म्हणाल्या.

त्यांनी कोंबड्याचा पाय उचलून दाखवला. पायाला, पिसांच्या आत, तांबडा दोरा बांधलेला होता. मग जमादाराचा पाय दाखवला. त्याला निळा. "नर्सबाईंकडच्याला पांढरा. तीन कोंबडे, तीन दोरे. माझ्याच रिळांतले. आयुष्यभर लोकांच्या वजनांची सीलं तपासलीत ना, काटेसाहेब? घरच्या कोंबड्याचं सील कधी पाहिलं नाहीत?"

साहेबांनी कोंबडा हळूच खाली ठेवला. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं. "मी बघत होतो," ते म्हणाले. "लक्षच दिलं नाही. कोंबड्यांकडे नाही, नि..."

टेलरबाईंची नजर त्या आखूड स्वेटरवर गेली. "एवढं मनाला लावून घेऊ नका," त्या शेवटी म्हणाल्या. "बाईंनाही कुठे ओळखू यायचे? पहिल्या वर्षी मोठ्या थाटात बदलायला आल्या आणि आपलाच कोंबडा परत घेऊन गेल्या! चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून तर दोरे आले."

"खरंच?" साहेबांनी डोळे पुसले. "ती चुकली?"

"साफ चुकल्या! न्या आता याला. जमादार इथेच राहू दे, मी पोचवते नर्सबाईंकडे. आणि ती पँट पाठवून द्या. दोन वर्षं माझी अब्रू काढताय गल्लीभर!"

तांबड्या दोऱ्याचा कोंबडा घरी आला. सांगितले तेवढे आठवडे साहेबांनी जाऊ दिले, मग थोरलीखाली अंडी ठेवली आणि परसात खुर्ची टाकून बसले. आभाळ रोज तसंच कोंदलेलं, आणि साहेबांचं मन त्याहून. पुन्हा कुजली तर? लिंबाखाली पुन्हा खड्डा? थोरली पोटाखाली पंख दाबून बसायची, साहेब स्वेटरमध्ये हात खुपसून बसायचे.

सगळी नाही फुटली. तीन वाया गेली. पण उरलेल्यांतून पिलं निघाली, बदामी, पाठीवर ठिपके असलेली. साहेबांनी खात्यातलं जुनं भिंग काढलं आणि एकेकाच्या पायाची बोटं तपासली. सगळी सरळ! मग ते भिंग बाजूला ठेवून, पिलांना स्वेटरच्या ओच्यात घेऊन, ते मागच्या पायरीवर बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडले. फाटकाचं कुलूप त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं.

पिलं मोठी झाली, वर्ष सरत आलं. एकदा साहेब बाजारातून येत होते. पँटचे दोन्ही पाय सारखे. टेलरबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"काटेसाहेब! परवा तुम्ही दाढी करायला गेला होतात ना, तेव्हा येऊन जमादार बदलून गेले हो! नर्सबाईंकडून माझ्याकडे आलेल्या म्हाताऱ्याच्या जागी तरणा आलाय, तो दिलाय तुम्हाला. कळलं असेलच म्हणा!"

दोन दिवस! दोन दिवस सकाळी त्याच्यामागून परसाला फेरी घातली होती!

"कळलं की!" साहेब गरजले. "न कळायला काय झालं? पाहिल्या पाहिल्या कळलं!"

आणि पिशवी सावरत ते इतक्या घाईनं घराकडे निघाले की टेलरबाईंना हसण्यासाठी आत जायचीही गरज पडली नाही. परसात कोंबडा उभा होता. तांबडा, काळ्या शेपटीचा. साहेब गुडघ्यांवर वाकले आणि त्यांनी त्याच्या पायावरची पिसं बाजूला केली. पांढरा दोरा.

"हे कुणी केलं?" त्यांनी सवयीनं मोठ्यांदा विचारलं.

घरात काहीतरी बदललं होतं आणि त्यांच्या लक्षात आलं नव्हतं! कितीतरी दिवसांनी साहेबांना आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात कोंबड्यानं त्यांच्या बोटाला कडकडून चोच मारली.

"बघा!" बोट चोखत काटेसाहेब कोंबड्यांना म्हणाले. "जमादाराची तीच जुनी खोड! माझ्या नजरेतून काही सुटत नाही!"